अमारान्तेची बैठक

तुम्ही चोर आहात. हे पहिल्याच ओळीत लिहितो, म्हणजे पुढे वाचायचं नसेल तर इथेच कागद चुरगाळता येईल. एका आंधळ्या बाईचा नवरा एकदा मरणाने नेला आणि दुसऱ्यांदा तुम्ही नेलात. त्या दुसऱ्या चोरीत हात माझे वापरलेत. माझ्या हातांचं मी बघून घेईन. तुमचं कोण बघणार?

याआधी तुमच्या गाड्यांच्या कारखान्याला दोन पत्रं पाठवली. दोन्हींना एकच छापील उत्तर आलं: सदर भाग आता बनवला जात नाही, संपर्क साधल्याबद्दल आभारी आहोत. मी भाग मागितलाच नव्हता. मी एक प्रश्न विचारला होता. तो कुणी वाचलाच नाही, म्हणून आता सगळं पहिल्यापासून सांगतो.

माझं नाव बेलार्मिनो. गाड्या रंगवतो, चव्वेचाळीस वर्षं झाली. आमच्या खोऱ्यात माणूस एकवेळ तोंड न धुता चर्चला जाईल, पण गाडी पुसल्याशिवाय जाणार नाही. गाडी जमिनीला पोट टेकेल इतकी खाली बसवायची, आरशासारखी रंगवायची आणि चालत्या माणसापेक्षा हळू चालवायची, ही आमची रीत. घाई असलेल्यांनी दुसऱ्या रस्त्याने जावं.

तुम्ही त्या गाड्या बनवल्यात. पत्रा चांगला दिलात, नाही म्हणत नाही. पण अठ्ठ्याहत्तर साली पुढच्या लोखंडी बंपरच्या जागी मऊ प्लास्टिकचं नाक बसवलंत. ठोकर बसली तर दबेल आणि आपोआप वर येईल, अशी तुमची जाहिरात होती. त्या प्लास्टिकला आठवण आहे म्हणालात. त्या बाईचा नवरा अमारान्ते गाडी घ्यायला गेला तेव्हा दुकानदाराने त्याच्यासमोर नाकावर गुडघा दाबून दाखवला होता. खळगा पडला, हळूहळू भरला, आणि अमारान्ते लहान पोरासारखा हसला. हे मला त्याच्या बायकोने सांगितलं.

आमचं ऊन तुम्ही पाहिलेलं नाही. समुद्रापासून मैलभर वर आहोत आम्ही, इथे ऊन पातळ असतं आणि सुईसारखं आत शिरतं. त्यात तुमची नाकं वाळतात आणि टाचांना पडाव्यात तशा त्यांना भेगा पडतात. वरचा रंग पापुद्र्यांनी सुटतो. असली नाकं मी दोनशेच्या वर बरी केली आहेत. ते काम खोऱ्यात माझ्याइतकं कुणाला येत नाही. हा तोरा होता म्हणून तर पुढचं झालं.

मे महिन्यात ओर्लिंडाने गाडी आणली. ओर्लिंडा ही अमारान्तेची थोरली मुलगी, शाळेची बस चालवते. चाळीस पोरांच्या वर आवाज काढायची सवय, त्यामुळे शेजारी उभी राहूनही ती ओरडूनच बोलते.

"बेल, बाबांची गाडी!"

"दिसतेय. पण हे नाक आहे का वाळवलेली मिरची?"

"म्हणून तर आणली ना. अठरा जुलैला बाबांना जाऊन वर्ष होतंय, त्याची मिस्सा. आईला पुढच्या सीटवर बसवून चर्चपर्यंत न्यायचं, मागे बाबांच्या गाडी-क्लबच्या सगळ्या गाड्या. एकूण एक गोष्ट नव्यासारखी कर. काही म्हणजे काही सोडू नकोस."

"नव्यासारखी म्हणजे? कारखान्यातून आली तशी, का माझ्यासारखी टवटवीत?"

"तुझ्यासारखी नको रे बाबा. तुझे गुडघे वाजतात."

अमारान्ते आमच्या गावचा पाटकरी होता. डोंगरातून येणारं पाणी कुणाच्या शेतात किती वेळ जाईल हे तो ठरवायचा, आणि कुणी त्याच्याशी भांडलं तर मुकाट्याने फावडं त्याच्या हातात देऊन घरी जायचा. अडीचशे पौंडांचा माणूस. बोलणं कमी. त्याच्याविषयी मला जे ठाऊक होतं ते इतकंच.

डाव्या हेडलाइटच्या वर नाकात एक खळगा होता. परातीएवढा, एका कडेला जरा जास्त खोल. मी तो पाहिला. हात फिरवून पाहिला. म्हटलं, उन्हाने बसलंय. अशी नाकं बसतातच. मी कुणाला विचारलं नाही. चव्वेचाळीस वर्षं काम केलेला माणूस विचारत नसतो.

नाक उतरवलं. असल्या प्लास्टिकला रंग काढायचं जालीम औषध लावायचं नसतं, ते शेवयांसारखं फुगतं. हातानेच घासायचं, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने. आठ दिवस घासत होतो. जुना जांभळा रंग पाण्याबरोबर शेडबाहेर ओघळायचा आणि दारातल्या मातीत मुरायचा; संध्याकाळी ती माती द्राक्षं तुडवल्यासारखी दिसायची. भेगा कोरून रुंद केल्या, मागून जाळी लावली, लवचीक लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. नाक वाकवलं तर लांबीही वाकली पाहिजे, नाहीतर पहिल्याच थंडीत ती खपलीसारखी उडते. आत पत्र्याची आधारपट्टी होती, तीही वाकलेली. ती ऐरणीवर ठेवून सरळ केली.

मग राहिला खळगा. त्याच्यावर आमच्या खोऱ्यातल्या रंगाऱ्यांचा एकच उपाय असतो, ऊन. लांबी भरून खळगे बुजवतात ते अडाणी. आम्ही नाक दुपारी लाकडी फळ्यांवर घोंगडी टाकून ठेवतो, वर काळं कापड, तोंड दक्षिणेकडे. आणि झाडाखाली जाऊन बसतो. बाकीचं ते स्वतः करतं.

त्या दुपारची गोष्ट मला अजून स्वप्नासारखी वाटते. जून होता. नदीकाठची कापूसझाडं फुटली होती आणि हवेत कापसाच्या इतक्या म्हाताऱ्या तरंगत होत्या की पलीकडचा डोंगर धूसर झाला होता. पाटाचं पाणी ऐकू येत होतं. मी टेकून बसलो, डोळा लागला, उघडला, परत लागला. प्रत्येक वेळी कापडाखाली काहीतरी थोडं वर आलेलं. कणीक फुगावी तसं. एकदा तर मला वाटलं, कुणीतरी तिथे पांघरूण घेऊन झोपलंय आणि कूस बदलतंय. चारच्या सुमाराला उठून कापड काढलं. नाक गुळगुळीत, भरलेलं, कोवळं. खळगा कुठे होता ते दाखवता आलं नसतं.

मी टाळी वाजवली. एकटाच होतो, तरी वाजवली. लक्षात ठेवा हे. मी टाळी वाजवली.

रंगाचं लांबवत नाही. जमीन ओली केली, दारं बंद केली, म्हाताऱ्या बाहेर ठेवल्या. खाली चांदी, वर पिकल्या अलुबुखाराचा पारदर्शक जांभळा, अकरा हात. नाकाच्या रंगात मऊ करणारं औषध घालावं लागतं. कमी पडलं तर रंग तडकतो, जास्त झालं तर महिनाभर बोटाला चिकटतो, आणि कितीही नेमकं घातलं तरी रंग केसभर गडद होतो. म्हणून नाक आणि बॉनेट शेजारी शेजारी ठेवून, एकाच दिवसात, डोळा न हलवता मारायचं. शेवटचा क्लिअर, म्हणजे बिनरंगी चकाकीचा हात, मारल्यावर दार उघडलं तर उन्हाची पट्टी गाडीवरून पाण्यासारखी वाहिली आणि नाकावरून न अडखळता खाली गेली. माझं सगळ्यात चांगलं काम होतं ते. आहे.

अकरा जुलैला ओर्लिंडा आईला घेऊन आली. प्रेसिलियाना मावशी. एक्याऐंशीची, अठ्ठ्याण्णव पौंड वजन, साखरेच्या आजाराने सात वर्षांपूर्वी डोळे नेलेले. मला येताना बिस्किटं आणली होती, बडीशेपेची.

"कुठेय?" तिने विचारलं.

मी तिचा हात धरून नाकावर ठेवला. तिने उजवीकडून सुरुवात केली. बोटं सावकाश, लोण्यावरून फिरावीत तशी. दोन दिव्यांमधली जाळी ओलांडली. डाव्या दिव्याच्या वर आली आणि थांबली. मागे गेली. परत आली. तळवा पूर्ण उघडून ठेवला. मग दुसरा हात.

"ही आमची गाडी नाही," ती म्हणाली.

"आई, आपलीच आहे," ओर्लिंडा म्हणाली. "बेलने नवी केली. काय चमकतेय, तुला काय सांगू!"

"तो कुठेय?"

"कोण?"

"तुझा बाप."

ओर्लिंडाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. बिस्किटांची पिशवी माझ्या हातात कुरकुरली.

मग मावशीने सांगितलं. तिच्या पोरीलाही ते ठाऊक नव्हतं. पूर्वी ती डोंगरावरच्या घरांत साफसफाईला जायची. कामावरची बस साडेपाचला फाट्यावर सोडायची. अमारान्ते तिथे गाडी लावून नाकावर बसून वाट बघायचा. पाटाच्या फळीवरून पडून त्याचा डावा खुबा दुखावला होता, म्हणून एका अंगावर कलून बसायचा. तिने काम सोडलं तरी त्याने बसणं सोडलं नाही. रोज संध्याकाळी अंगणात, डोंगराकडे तोंड करून. एकतीस वर्षं. डोळे गेल्यावर ती गाडीला हात लावत लावत यायची आणि नाकाशी आली की त्याचा गुडघा लागायचा.

"तो गेल्यावर पण मी येते ना," ती म्हणाली. "ओर्लिंडाला वाटतं, म्हातारी हवा खायला जाते. मी हात ठेवते तिथे. दिवसभराचं ऊन असतं त्यात. गरम असतं, बेलार्मिनो. आत्ताच उठून पाणी प्यायला गेला असेल, असं."

गडद रंगाचं प्लास्टिक संध्याकाळी ऊब धरून ठेवतं. हे मला ठाऊक होतं. मी रंगारी आहे. पण त्याचा असाही उपयोग असतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"तू मला सांगायचं नाहीस?" ओर्लिंडा आईवर ओरडली आणि लगेच रडायला लागली.

"काय सांगायचं? तुझ्या बापाच्या ढुंगणाचा ठसा आहे, तो जपा म्हणून?"

मी म्हटलं, "मावशी, एक आठवडा आहे. मी परत करतो तो."

दुसऱ्याच दिवशी त्रांकिलिनोला बोलावलं. क्लबचा अध्यक्ष, अमारान्तेचा दोस्त आणि त्याच्याच वजनाचा. नाक तापवलं आणि त्याला वर बसवला, डाव्या अंगावर कलून.

"असा?"

"अजून कल. खुबा दुखतोय असं समज."

"समजायचं काय, दुखतोयच. बेल, माझ्या ढुंगणाचा इतका मान आजवर कुणी केला नव्हता हो. माझ्या बायकोला बोलव, तिला बघू दे."

तीन दुपारी तो बसला. भाजलेल्या मिरच्या आणि पोळ्या खात, अमारान्तेच्या गोष्टी सांगत. उठला की मी ओल्या फडक्यांनी नाक गार करायचो, खळगा धरून ठेवायला. रंग तडकला नाही. माझा रंग तडकत नाही. संध्याकाळी खळगा असायचा. आणि सकाळी पहिलं ऊन पडलं की तो भरायचा, माझ्या डोळ्यांदेखत, कुणीतरी आतून हळूच ढकलल्यासारखा. त्रांकिलिनोला प्लास्टिकने ओळखलंच नाही.

चौथ्या दिवशी मी नाक सोडवून आतली पट्टी वाकवली. आठवेल तशी. एका कडेला जास्त. वरून नाक गरम करून पट्टीवर बसवलं आणि खालून तारेने ओढून बांधलं. या वेळी खळगा टिकला. सकाळ झाली, दुपार झाली, टिकला. मी मावशीला बोलावलं.

तिने हात ठेवला. मला तिचा चेहरा बघवेना म्हणून मी तिच्या हाताकडे पाहत राहिलो. बोटं खळग्याची कड चाचपत होती, एखाद्या खोलीत दिव्याचं बटण शोधावं तशी.

"हा परातीचा खड्डा आहे," ती म्हणाली. "यात कुणी बसलेलं नाही."

"मावशी, मापाने—"

"लेका, तू कष्ट घेतलेस. पण काढून टाक ते. खोटा नवरा नको मला. या वयात लोक काय म्हणतील?"

ती हसली. मी हसलो नाही. तार कापली. खळगा तिच्या तळव्याखालीच वर आला, आणि तिने हात काढला नाही. पूर्ण वर येईपर्यंत ठेवला.

आता तुमच्याशी बोलतो. तुम्ही म्हणालात, या प्लास्टिकला आठवण आहे. आहे. कुणाची? तुमच्या साच्याची. ज्या साच्यात ते जेमतेम काही मिनिटं होतं, त्या साच्याची. एक माणूस एकतीस वर्षं त्याच्यावर बसला, बायकोची वाट बघत, बर्फात आणि धुळीत, दुखऱ्या खुब्यावर. आणि एका दुपारच्या उन्हात त्याला पुसून ते तुमच्याकडे परत गेलं. असली आठवण कुत्र्यालासुद्धा नसते. कुत्रं खायला घालणाऱ्याला विसरत नाही.

अठरा तारखेला मिस्सा झाली. मावशी पुढच्या सीटवर, ओर्लिंडा चालवायला, मागे सव्वीस गाड्या. इतक्या हळू गेलो की पाटाचं पाणी आमच्या पुढे गेलं. लोकांनी रस्त्यावर टोप्या काढल्या. नाकावरून आभाळ सरकत होतं, ढग, विजेच्या तारा, कापूसझाडं, सगळं उलटं. बाया मला म्हणाल्या, बेलार्मिनो, असा रंग जन्मात पाहिला नाही. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, नम्र आहे.

घरी परतल्यावर अंगणात टेबलं मांडली होती. जेवणं होऊन लोक पांगले. ऊन उतरत आलं तेव्हा मावशी उठली, गाडीला हात लावत पुढे गेली, नाकाशी वळली आणि पाठमोरी होऊन वर बसायला लागली.

"आई! पडशील!" ओर्लिंडा धावली.

"बेलार्मिनोला हात द्यायला सांग. तू ओरडतेस फार."

मी तिला उचललं. पाखराएवढं वजन. डाव्या दिव्याच्या वर बसवलं. पाय जमिनीला पुरेनात, म्हणून खाली रंगाचा रिकामा डबा ठेवला.

"त्याने बसून बसूनच केला ना?" ती म्हणाली. "मग मीही बसते."

"मावशी, त्यांना एकतीस वर्षं लागली."

"मला सांगतोस? मी मोजलीत. तेव्हा तो माझी वाट बघत होता. आता माझी पाळी."

तेव्हापासून रोज बसते. साडेपाचला. मी कामावरून येताना तिला वर चढवतो, तासाभराने उतरवतो. ती डोंगराकडे तोंड करून असते, तिला तो दिसत नाही, आणि मावळतीचा लाल रंग तिच्या चेहऱ्यावर आणि माझ्या रंगावर एकदमच चढतो. कधी मला वाटतं, तिच्या शेजारची जागा जरा जास्त गरम आहे. मी हात लावून पाहत नाही.

दर रविवारी सकाळी, ऊन पडून गेल्यावर, खळगा पडायला लागलाय का पाहायला तिथे पोलादी पट्टी आडवी ठेवतो आणि खालून कागद सरकवून बघतो. जुलैत शिरला नाही. ऑगस्टमध्ये नाही. सप्टेंबरमध्ये नाही. गेल्या रविवारी एक कागद गेला. साधा वहीचा. ती फट तिच्या बसण्याची आहे का थंडीने प्लास्टिक आक्रसलं म्हणून, मला कळत नाही. मी तिला सांगितलेलं नाही. खोटं तिला हाताने कळतं.

तुम्हाला मात्र कळतं. तुमच्याकडे यंत्रं होती. विकण्याआधी हे प्लास्टिक तुम्ही हजारदा दाबलंत, सोडलंत, मोजलंत, कुठेतरी लिहून ठेवलंत. अमारान्तेने दाबलं तेव्हा ते किती दिवस परत वर येत राहिलं आणि कुठल्या दिवशी थकून खाली राहिलं, हे तुमच्या कुठल्यातरी कपाटात आहे. म्हणून तिसऱ्यांदा विचारतो. बाई एक्याऐंशी वर्षांची, वजन अठ्ठ्याण्णव पौंड आणि त्यातलंही कमी होत चाललेलं. रोज एक तास, सूर्य मावळताना. तुमचं प्लास्टिक तिचं ऐकायला किती संध्याकाळी घेईल?

आभार नकोत. भाग मिळत नाही हे कळलंय. आकडा पाठवा.